जावईबापूंची रग्बी कोणती?

प्रश्न : मुलीकडे सहा महिन्यांसाठी सिडनीला आलो आहे. जावई इथे वीस वर्षं आहेत. शुक्रवारी रात्री ते टीव्हीवर रग्बी लावतात आणि मी शेजारी बसतो. दोन-तीन आठवड्यांत खेळ जरा उमगायला लागला, तोच एका शनिवारी भलतीच रग्बी लागली. खेळाडू जास्त, ढिगारे जास्त, शिट्ट्या तर विचारूच नका. विचारलं तर म्हणाले, ‘बाबा, ती लीग होती, ही युनियन आहे.’ त्यापलीकडे त्यांनाही सांगता येईना. एका नावाचे दोन खेळ कशाला? आणि कबड्डी-क्रिकेटवर पोसलेल्या माझ्यासारख्याने यातला कुठला बघावा?
– एक वाचक, सांगली (सध्या मुक्काम सिडनी)

उत्तर : जावईबापूंना बोल लावू नका. एका रग्बीत वाढलेल्या माणसाला दुसरीतलं फारसं कळत नाही, आणि ते कबूल करायची त्याची तयारीही नसते. तुम्ही मात्र सांगलीचे. संजीवनी, गामिनी आणि अमर हे कबड्डीचे जुने तीन प्रकार तुम्हाला मी काय सांगणार? बाद झालेला गडी परत उठतो, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो, की बादच होत नाही, एवढ्या एका कलमाने खेळाचा सगळा स्वभाव पालटायचा. रग्बीचंही तसंच आहे. इथलं कलम असं : बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडल्यावर तो बॉल कोणाचा?

आधी दोन्हींत सारखं काय ते. बॉल लंबगोल. हातात घेऊन पळायचं, पास मात्र मागेच द्यायचा, पुढे न्यायचा तर पळत किंवा लाथेने. समोरच्याच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय. दोन्हीकडे खेळ ८० मिनिटांचा. लीगमध्ये तेरा खेळाडू, युनियनमध्ये पंधरा. ट्रायला लीगमध्ये चार गुण, युनियनमध्ये पाच. पेनल्टीची किक गोलखांबांमधून गेली तर लीग दोन गुण देते, युनियन तीन. हा एका गुणाचा फरक आता किरकोळ वाटेल, पण तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पकड. लीगमध्ये गडी पकडला गेला की तेवढ्यापुरता खेळ थांबतो. तो उठतो, बॉल पायापाशी ठेवून टाचेने मागे ढकलतो, बचाव करणारे तोवर दहा मीटर मागे सरतात आणि तोच संघ पुन्हा चढतो. अशा सहा पकडी मिळतात. सहाव्या पकडीपर्यंत ट्राय झाला नाही तर बॉल समोरच्याला. त्यामुळे पाच पकडी झाल्या की बहुतेक संघ बॉल दूर मारून मोकळे होतात. हे सरळ षटक आहे. सहा चेंडू तुमचे, मग सहा आमचे. तुम्हाला लीग दोन आठवड्यांत कळली ती उगाच नाही.

युनियनमध्ये असं काही ठरलेलं नाही. गडी पडला की त्याने बॉल सोडायचा, आणि तिथेच, त्याच्या अंगावर, दोन्ही संघ बॉलसाठी रेटारेटी करतात. याला रक म्हणतात. तुम्ही ढिगारा म्हणालात तो हाच. बॉल ज्याने काढला त्याचा. एका संघाने पंचवीस वेळा पडूनही बॉल राखला तर राखला, मोजदाद कोणी ठेवत नाही. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला तर दोन रांगा करून, गड्यांना मांडीला धरून वर उचलून बॉल झेलायचा, तो लाइनआउट. बॉल हातून पुढे निसटला की आठाविरुद्ध आठ डोकी अडकवून रेटायचं, तो स्क्रम. युनियनच्या एका बाजूच्या आठ जणांचं वजन ९०० किलोच्या घरात जातं, आणि तो रेटा खरा असतो. लीगमध्येही स्क्रम आहे, पण देवाला नैवेद्य दाखवावा तेवढाच. कोणी रेटत नाही, ज्याने बॉल टाकला त्यालाच तो मिळतो.

थोडक्यात, युनियनमध्ये बॉल क्षणोक्षणी वादात असतो आणि लीगने तो वाद मिटवून टाकला आहे. का मिटवला, याचं उत्तर एका दिवसाच्या मजुरीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बी एकच होती. इंग्लंडच्या दक्षिणेत ती महागड्या शाळांतून शिकलेले लोक खेळत. उत्तरेत, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार. सामना शनिवारी, आणि शनिवारीही पाळी असे. खेळायला गेलं की खाडा आणि खाड्याची मजुरी कापली. उत्तरेच्या क्लबांचं मागणं फार मोठं नव्हतं : खेळापायी बुडालेली मजुरी तरी भरून द्यायची मुभा द्या. लंडनकरांना वाटलं, पैसा शिरला की खेळ बाटला. आपल्या गिरणगावातली कबड्डी मंडळं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पोटाला तोशीस लावून खेळणं काय असतं ते ठाऊक आहे. ज्याच्या पोटाला ती लागत नाही, त्याला शुद्धतेच्या गोष्टी सुचतात. १८९३ साली तो ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमून उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली.

त्या दिवशी नियम एकही बदलला नव्हता. पण खेळाडूला पैसे द्यायचे म्हणजे ते दारावरच्या तिकिटातून यायला हवेत, आणि आठवडाभर राबून खिशातले पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाला चिखलातली न संपणारी रेटारेटी किती दाखवणार? १८९७ साली लाइनआउट गेला. १९०६ साली दोन खेळाडू कमी झाले, मैदान मोकळं झालं, आणि पकडलेल्या गड्याने उठून टाचेने बॉल मागे द्यायची पद्धत आली. प्रेक्षकाला कंटाळा येईल ते एकेक करून छाटलं गेलं.

युनियनला ही गरजच पडली नाही. तिचा खेळाडू कागदोपत्री तरी हौशी राहिला, थेट ऑगस्ट १९९५ पर्यंत. फुटीला शंभर वर्षं पुरी होत आली तेव्हा कुठे युनियनने पैसा चालेल असं जाहीर केलं. तोवर लीगमध्ये गेलेल्याला वाळीत टाकायचे. परतीचं दार बंद, क्लबात मान नाही. वेल्समधले कितीतरी खाणकामगारांचे मुलगे पैशासाठी उत्तरेला गेले आणि गावच्या खेळाला कायमचे मुकले. फ्रान्समध्ये तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या जर्मनधार्जिण्या विशी सरकारने रग्बी लीगवर बंदी घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. खेळाच्या वादात सरकार उतरल्याची याहून विचित्र गोष्ट मला ठाऊक नाही.

सिडनीत ही फूट १९०७-०८ च्या सुमारास पोचली. कामगार वस्त्यांनी लीग उचलली, पैसेवाल्या खासगी शाळांनी युनियन जपली. आजही ती रेघ पुसट का होईना दिसते. सिडनीत कोणी नुसतं ‘फुटी’ म्हणालं तर ते लीगबद्दल बोलतंय असं समजा. (मेलबर्नला गेलात तर ‘फुटी’ म्हणजे तिसराच खेळ. तिथलं मला विचारू नका.)

दोन्ही खेळांचा एकदा समोरासमोर निकालच लागला होता. १९९६ च्या मे महिन्यात, युनियनने पैसा मान्य केल्यावर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, लीगमधला दादा संघ विगन आणि युनियनमधला दादा संघ बाथ दोन सामने खेळले. पहिला मँचेस्टरच्या मेन रोडवर, लीगच्या नियमांनी. विगन ८२, बाथ ६. दुसरा ट्विकनहॅमला, युनियनच्या नियमांनी. बाथ ४४, विगन १९. त्याआधी ‘आपलाच खेळ अवघड’ म्हणून शंभर वर्षं वाद घालणारे त्यानंतरही वाद घालतच राहिले, पण मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लीगच्या मैदानावर बाथचे खेळाडू दमून मेले : उठा, दहा मीटर मागे पळा, पुन्हा पुढे या, पुन्हा पाडा. युनियनच्या मैदानावर विगनवाल्यांना स्क्रममध्ये काय चाललंय तेच उमगेना. दोन वेगळी कसबं आहेत ही. एकाचा जोर पळण्यावर, दुसऱ्याचा बॉलसाठी झगडण्यावर.

बघणाऱ्याला याचा काय उपयोग? सांगतो.

लीगचा मोठा गुण असा की मैदानाच्या सगळ्यात वरच्या रांगेत बसलेल्यालाही खेळ दिसतो. कोणाकडे बॉल आहे, कितवी पकड आहे, रेषा किती लांब आहे, सगळं उघड. नियम सोपा ठेवायची धडपडही चालूच असते. १९६० च्या दशकापर्यंत पकडींना मर्यादा नव्हती, त्यामुळे बलाढ्य संघ बॉल धरूनच बसायचे. सिडनीच्या सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ सलग अकरा विजेतेपदं घेतली, त्याच काळातली ही गोष्ट. मग चार पकडींची मर्यादा आली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या सहा झाल्या. प्रो कबड्डीत ‘करो या मरो’ची चढाई का आणली ते आठवा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा नाहीतर बाद. रोग तोच, औषधही त्याच जातीचं.

आणि लीगमध्ये बघण्यासारखं सर्वात मोठं प्रकरण तुमच्या पायाशी आहे : स्टेट ऑफ ओरिजिन. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, वर्षाला तीन सामने. पूर्वी क्वीन्सलँडची चांगली पोरं पैशासाठी सिडनीच्या क्लबांत जायची आणि मग नियमाप्रमाणे न्यू साउथ वेल्सकडून खेळायची, म्हणजे स्वतःच्या गावाविरुद्ध. क्वीन्सलँड दरवर्षी मार खायचं, तोही आपल्याच पोरांकडून. १९८० साली नियम पालटून बघितला : राहतोस कुठे ते नको, पहिल्यांदा खेळलास कुठे ते सांग. आपल्याकडे मुंबईत तीन पिढ्या काढलेल्यालाही ‘गाव कुठलं तुमचं?’ विचारतात, तसंच. ८ जुलै १९८० ला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पस्तिशीचा आर्थर बीटसन, जो कधीकाळी न्यू साउथ वेल्सकडूनही खेळला होता, क्वीन्सलँडचा कर्णधार म्हणून उतरला आणि क्वीन्सलँडने २०–१० ने सामना मारला. तेव्हापासून ही मालिका म्हणजे दोन राज्यांची भाऊबंदकी झाली आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याला येत नाही ती धार तिला येते. क्लबातले सवंगडी त्या रात्री एकमेकांना असे आदळतात की बघणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात.

लीगचा दोषही याच सोपेपणातून येतो. पाच धडका आणि एक किक, पाच धडका आणि एक किक. संघ बरोबरीचे नसले किंवा डोकं न चालवता खेळत असले तर तासाभरात झोप येते. खेळाडूही एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, सगळे दणकट, सगळे धावरे. युनियनमध्ये ती गंमत आहे. तिथे सव्वाशे-दीडशे किलोचा, मान नसलेला प्रॉप असतो, साडेसहा फुटांचा ताडमाड लॉक असतो, आणि त्यांच्या पायांत वळवळणारा, सतत बडबडणारा बुटका स्क्रम-हाफ असतो. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांसारखं प्रत्येकाचं काम ठरलेलं, एकाचं दुसऱ्याला जमत नाही, आणि एक अडला तर सगळं अडतं. पोरसवदा, हडकुळ्या, लठ्ठ, सगळ्या अंगलटीच्या माणसांना त्या पंधरांत जागा आहे, हे युनियनवाले अभिमानाने सांगतात ते खोटं नाही.

तुमची खरी तक्रार, शिट्ट्यांची. ढिगारा पडतो, शिट्टी वाजते, कोणीतरी आनंदाने हात वर करतो आणि चूक कोणाची ते तुम्हाला कळत नाही. मनाला लावून घेऊ नका. मैदानात बसलेल्या हजारोंपैकी पुष्कळांनाही कळलेलं नसतं, आणि खेळणाऱ्यांपैकी निम्मे जण नुसता कांगावा करत असतात. पण त्या शिट्टीची किंमत तीन गुण आहे, म्हणून त्या ढिगाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे. २०२३ च्या युनियन विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने बाद फेरीचे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले : फ्रान्सविरुद्ध २९–२८, इंग्लंडविरुद्ध १६–१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२–११. त्या अंतिम सामन्यात विजेत्यांनी एकही ट्राय केला नाही. हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टी, बस्स. ट्राय केला तो हरलेल्या न्यूझीलंडने, तोही एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेलेला असताना. लीगवाल्याला हे सांगितलंत तर तो कपाळावर हात मारेल : ट्राय न करता जगज्जेते? मला विचाराल तर ती माझ्या पाहण्यातली सर्वात श्वास रोखणारी रग्बी होती. शेवटची वीस मिनिटं प्रत्येक रक म्हणजे फाशीचा खटला. बॉल कोणाचा हे ठरलेलं नसतं, म्हणून ती भीती. लीगमध्ये तशी भीती शेवटच्या पाच मिनिटांत आणि गुण जवळ असले तरच येते.

पण दर सामना तसा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. वाईट युनियन सामना वाईट लीग सामन्यापेक्षा कितीतरी वाईट असतो. स्क्रम लावा, स्क्रम कोसळला, पुन्हा लावा, पुन्हा कोसळला, तोवर चहा करून, पिऊन, कप विसळून यावं. युनियनच्या कारभाऱ्यांनाही हे दिसतं, म्हणून ते शंभर वर्षं ज्या खेळाला वाळीत टाकलं त्याच्याच घरून आता उसनवारी करतात. लीगमध्ये आपल्या ४० मीटरच्या आतून मारलेला बॉल टप्पा खाऊन समोरच्याच्या २० मीटरच्या आत बाहेर गेला तर मारणाऱ्यालाच परत मिळतो. युनियनने अलीकडे तेच आकडे बदलून, ५० आणि २२ करून, आपल्या नियमांत घेतलं. बचाव शिकवायला लीगची माणसं आणली. आयर्लंडच्या युनियन संघाला घडवणारा अँडी फॅरेल मूळचा विगनचा, त्या ८२–६ वाल्या विगनचा. इंग्लंडने २००३ चा विश्वचषक तुमच्या सिडनीतच जिंकला, त्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा एकमेव ट्राय करणारा जेसन रॉबिन्सनही विगनमधूनच आलेला.

आता कुठला बघावा. माझा सल्ला जरा उलटा वाटेल. मैदानात जायचं असेल तर लीग बघा; घरी, टीव्हीवर, युनियन. सगळे म्हणतील सोपा खेळ टीव्हीला बरा आणि अवघड खेळ प्रत्यक्षात. पण लीगची खरी मजा दहा मीटरवरून धावत येऊन आदळण्याच्या आवाजात आहे, आणि तो आवाज टीव्हीवर निम्माही पोचत नाही. युनियन मात्र मैदानात लांबून दिसतच नाही. ढिगाऱ्याच्या आत काय चाललंय ते कॅमेराच दाखवतो. शिवाय युनियनच्या रेफ्रीच्या अंगावर माइक असतो. तो सारखा बोलतो, हात काढ म्हणतो, मागे हो म्हणतो, शिट्टी का वाजवली ते कर्णधाराला बोलावून समजावतो. वेल्सचे नायजेल ओवेन्स तर खेळाडूंना हेडमास्तरांसारखे झापायचे म्हणून जगभर नावाजले गेले. समालोचकाकडे दुर्लक्ष करा आणि रेफ्रीचं ऐका. पाच-सहा सामन्यांत शिट्टी आधी तुमच्या तोंडून वाजेल.

भारताचं यात काय? एक गोष्ट आहे आणि ती झकास आहे. १८७३ साली कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. तो चार-पाच वर्षांत बंद पडला, तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्याचा चषक केला आणि इंग्लंडला पाठवला. नागाच्या आकाराच्या मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्या कलकत्ता कपासाठी युनियन खेळतात. आपल्या रुपयांच्या चांदीवर ते अजून भांडतायत.

तर आधी जावयांना एकच विचारा : ओरिजिनला निळा की मरून? सिडनीत वीस वर्षं काढलेला माणूस निळाच म्हणेल. त्या रात्री त्यांच्याशी घराच्या हप्त्याबद्दल वगैरे बोलू नका. मालिकेचे सामने मे अखेरीपासून जुलैपर्यंत होतात. तुमचे सहा महिने त्यात बसत असतील तर सिडनीतल्या सामन्याचं तिकीट आत्ताच काढा, नंतर मिळत नाही. युनियनचा हिसका बघायचा तर २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियातच आहे, पुन्हा यायला निमित्त झालं. आणि परतताना मुंबईत उतरलात, पावसाळा असला, तर आझाद मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी दहा मिनिटं थांबा. तिथे चिखलात लोळत असतात ती मंडळी युनियनवालीच.